मजकूर कुलूपबंद असला तरी ‘कधी आणि किती’ दिसतंच: नकली ट्रॅफिकने खरंच फरक पडतो का?

सिव्हिललाइन्स_डेस्क

नमस्कार मंडळी. प्रश्न एका छोट्या वकिली कार्यालयाचा आहे. पाच माणसं, दोन डेस्कटॉप, एक लॅपटॉप, प्रत्येकाचा अँड्रॉइड फोन आणि गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड. रामटेक, उमरेड आणि काटोलला एकेक सहकारी वकील. त्यांच्याशी रोज मसुदे, शपथपत्रं, सातबाऱ्याचे स्कॅन यांची ये-जा. पक्षकारांशी बोलणं व्हॉट्सॲपवर, फायली जीमेलने.

खटले कौटुंबिक आणि जमिनीचे. समोरचा पक्ष बहुतेकदा त्याच तालुक्यातला, त्याच्या ओळखी केबलवाल्यापासून मोबाइलच्या दुकानापर्यंत. मजकूर कोणी वाचू नये ही पहिली काळजी. दुसरी अशी, की न वाचताही अंदाज बांधता येतो. अर्ज दाखल करायच्या आदल्या रात्री अकरा वाजता कार्यालयातून मोठमोठ्या फायली जायला लागल्या, की काहीतरी शिजतंय हे बघणाऱ्याला कळणारच.

खऱ्या संदेशांत नकली ट्रॅफिक (म्हणजे आत काहीच नसलेली डेटाची ये-जा) मिसळलं तर फरक ओळखता येत नाही असं वाचलं. घरगुती साधनांनी हे जमतं का? डेटा किती लागतो? आणि त्याआधी काय दुरुस्त करायला हवं? सगळं कायद्यात बसणारं हवं.

झिरोमाईल

आधी कोणाला काय दिसतं ते वेगळं करा, नाहीतर चुकीच्या दाराला कुलूप लागेल.

सिमकार्डावरून केलेला साधा कॉल आणि एसएमएस: कोणी, कोणाला, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरवरून, हे सगळं मोबाइल कंपनीकडे नोंदलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. एसएमएसचा मजकूरही कंपनीच्या यंत्रणेत उघडाच असतो.

केबलवाल्याला काटोल दिसत नाही. जीमेलने फाइल गेली तर त्याला एवढंच दिसतं की या जोडणीवरून गूगलच्या सर्व्हरकडे रात्री अकराला ४० एमबी गेले. पुढे ते कोणाच्या पेटीत पडले हे गूगलला माहीत. सिग्नल (व्हॉट्सॲपसारखंच संदेशांचं ॲप) आणि व्हॉट्सॲपच्या संदेशांचंही तसंच. अपवाद कॉलचा: ही ॲप्स कॉल शक्य तिथे थेट दोन फोनमध्ये जोडतात, त्यामुळे समोरच्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक) तुमच्या केबलवाल्याच्या नोंदीत येतो. सिग्नलमध्ये ‘कॉल नेहमी रिले करा’ आणि व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीतल्या ॲडव्हान्स्ड भागात ‘कॉलमध्ये आयपी पत्ता सुरक्षित ठेवा’ हे दोन्ही चालू करा. आवाज किंचित उशिरा पोहोचेल, चालतं तेवढं.

केबलवाल्याला आणखी एक गोष्ट फुकटात मिळते: तुम्ही उघडता त्या संकेतस्थळांची नावं. नेहमीची डीएनएस विचारणा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता विचारणं) पोर्ट ५३ वरून उघड्या अक्षरांत जाते. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे, तिथे क्वाडनाइन किंवा क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवांपैकी एकीचं होस्टनाव भरा. डेस्कटॉपवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’. एवढं केलं तरी जोडणीच्या सुरुवातीला संकेतस्थळाचं नाव बऱ्याच ठिकाणी उघडंच जातं, म्हणून हा उपाय अर्धाच धरा.

आता आकार. हा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रासुद्धा. ‘हो’ म्हणजे ह आणि ओकार, ६ बाइट. ‘नाही’ म्हणजे चार चिन्हं, १२ बाइट. एईएस-जीसीएम किंवा चाचा-ट्वेंटी-पॉली१३०५ यांसारख्या कूटबद्ध करायच्या पद्धती मजकूर जितका तितकंच कूट देतात, वर मजकूर बदललेला नाही हे तपासायची १६ बाइटची मोहोर. म्हणजे २२ आणि २८. कुलूप न तोडताही पक्षकार ‘हो’ म्हणाला की ‘नाही’ हे मोजपट्टीने कळतं. म्हणूनच सिग्नल मजकूर ठरावीक मापापर्यंत फुगवून मग कूटबद्ध करतो आणि जोडलेल्या फायलींचा आकारही साधारण ५ टक्क्यांच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवतो. आवाजातही हेच. बोलण्याप्रमाणे बिटरेट कमी-जास्त होत असेल तर कूटबद्ध कॉलमधलीसुद्धा ठरावीक वाक्यं पाकिटांच्या आकारावरून ओळखता येतात, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं.

तेव्हा पहिलं काम: पक्षकारांशी आणि सहकाऱ्यांशी बोलणं सिग्नलवर न्या, आणि सगळंच न्या. ‘निघालो’, ‘चहा सांगू का’, ‘उद्या बोर्डावर कितवा नंबर’ हेसुद्धा. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरमधून (वापरणाऱ्याची ओळख लपवणारं नेटवर्क) बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर तुटलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉर वापरणाऱ्यांची यादी तपासली आणि तो सापडला. कृत्य वाईटच, पण तांत्रिक धडा पक्का आहे: गरजेपुरतं वापरलेलं एन्क्रिप्शन ती गरज कधी होती हे सांगून जातं.

फुटाळा_काठ

नकली ट्रॅफिकवर सविस्तर लिहितो, कारण यात मेहनत वाया जाण्याच्या जागा फार.

पहिली जागा म्हणजे गोंगाट. २००६ मध्ये ट्रॅकमीनॉट नावाचं ब्राउझरचं ॲड-ऑन आलं. ते पार्श्वभूमीला स्वतःहून नकली शोध घेत राहायचं, म्हणजे तुमचा खरा शोध त्या गर्दीत हरवावा. पुढे यंत्रशिक्षणाने खरे आणि नकली शोध बऱ्याच अंशी वेगळे काढून दाखवले गेले, कारण माणसाच्या शोधांना वेळ, भाषा आणि विषयांची सलग साखळी असते, यंत्राच्या शोधांना नसते. तुमच्या बाबतीतही तेच होईल. दिवसभर कुठलेही व्हिडिओ चालू ठेवले तरी रात्री अकराचा ४० एमबीचा अपलोड त्या गोंगाटावर टेकडीसारखा उभा राहतो. आणि व्हिडिओ हे डाउनलोड आहे, दिशाच वेगळी.

उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा: पाठवण्याचा आकार आणि वेळ आधी ठरलेली असणं आणि आत काही असो-नसो ती न बदलणं. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मिक्स-नेटवर्कची (कोणाचा संदेश कोणाकडे गेला हे लपवणारं जाळं) कल्पना मांडली, तिच्यातही सारख्या मापाची पाकिटं एकत्र गोळा करून एकदम सोडायची हेच मूळ आहे.

याचं शुद्ध रूप म्हणजे अखंड धार. समजा दर सेकंदाला १,२०० बाइटचं एक पाकीट, खरं असेल तर खरं, नसेल तर यादृच्छिक बाइट. दिवसाला सुमारे १०४ एमबी, महिन्याला ३.१ जीबी, दोन्ही बाजूंनी धरलं तर दुप्पट. ब्रॉडबँडला हे काहीच नाही. पण त्या धारेतून १५ एमबीची फाइल जायला साडेतीन तास लागतात. आणि फोनवर तर हे करूच नका. डेटा परवडेल, पण दर सेकंदाला काहीतरी पाठवायचं म्हटल्यावर फोनचा नेटवर्क-रेडिओ झोपतच नाही आणि दुपारपर्यंत बॅटरी बसते. मलवाड या व्हीपीएनने (तुमचं ट्रॅफिक कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) २०२४ मध्ये याच धर्तीवर सोय आणली आहे, सारख्या मापाची पाकिटं आणि मधूनमधून नकली, पण ती ब्राउझिंगच्या खुणा पुसायला आहे. तुमचा प्रश्न फायलींचा आहे.

तुमच्यासाठी ठरलेल्या वेळेची टपाल-थैली बरी. कामाच्या दिवशी ११.३०, ३.३० आणि ७.३० ला तिन्ही सहकाऱ्यांना एकच मेल, एकाच नावाची १५ एमबीची एकच फाइल, विषयही कायम तोच. कधी आत शपथपत्र, कधी काहीच नाही. तिघांचे पासवर्ड वेगळे. थैली ज्याच्यासाठी त्याच्याच पासवर्डने उघडेल, बाकी दोघांना ती रिकामी की दुसऱ्याची हे कळणार नाही. त्यामुळे नेमकं कोणाला पाठवलं हे मेल सांभाळणाऱ्या कंपनीलाही कळत नाही. महिन्याचे २६ दिवस धरले तर अपलोड ११७० एमबी.

थैली व्हेराक्रिप्टने (फायली कुलूपबंद करणारा फुकट प्रोग्राम) करा. नवं व्हॉल्यूम, ‘एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर’, ‘स्टँडर्ड’, एईएस आणि एसएचए-५१२, आकार १५ एमबी, फाइल सिस्टीम फॅट. शेवटच्या पडद्यावर ‘क्विक फॉरमॅट’ आणि ‘डायनॅमिक’ या दोन्ही खुणा बंद हव्यात. क्विक चालू राहिलं तर रिकामी जागा यादृच्छिक बाइटांनी भरली जात नाही आणि आत किती माल आहे ते बाहेरून दिसतं. डायनॅमिकमध्ये फाइल आतल्या मालाइतकीच फुगते, म्हणजे सगळा खटाटोपच फुकट. माउस पाऊण-एक मिनिट हलवा, फॉरमॅट, माउंट (म्हणजे पासवर्डने थैली उघडा), फायली टाका, आणि मेलला जोडण्यापूर्वी डिसमाउंट (म्हणजे बंद) करायला विसरू नका, नाहीतर अर्धवट लिहिलेली थैली जाते आणि तिकडे उघडत नाही.

१५ एमबीच का? मेलमध्ये जोडलेली फाइल बेस-६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) बदलते आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगते. १५ ची साधारण २१ होते, २० ची २८ च्या पुढे. जीमेलची मर्यादा २५ ची. ती ओलांडली की फाइल ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये नुसता दुवा जातो, मग कोणी कधी उघडला याचीही नोंद तयार होते. स्कॅन २०० डीपीआय ग्रेस्केलमध्ये केलेत तर बरीच पानं मावतात. उरलेली पुढच्या थैलीत.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये फाइल जोडता त्याच क्षणी ती वर चढते, ‘शेड्यूल सेंड’ लावलं तरी. म्हणजे ११.३० ला जोडायची, आधी जोडून ठेवायची नाही. आणि तिकडे तिघांनीही प्रत्येक थैली उतरवायचीच, आपली असो वा नसो. फक्त आपली तेवढीच उतरवली तर त्या बाजूने भांडं फुटतं.

गोरेवाडा_रात्र

इतकं रोज तीनदा बनवत बसण्यापेक्षा क्लाउडच्या सामायिक फोल्डरमध्ये एकच कंटेनर ठेवा नं. आत बदल केला की सगळीकडे आपोआप सिंक. आकार तर तोच राहून राहिला.

फुटाळा_काठ

@गोरेवाडा_रात्र भाऊ, आकार तोच राहतो पण आतलं गुपित फुटतं. व्हेराक्रिप्ट एक्सटीएस पद्धत वापरतं. त्यात एकाच किल्लीने, एकाच जागी, तोच मजकूर पुन्हा लिहिला तर कूटही अगदी तेच येतं. क्लाउडवाल्याकडे कालची आणि आजची प्रत ठेवलेली असते. दोन्ही शेजारी ठेवल्या की कुठले भाग बदलले, किती बदलले, काहीच बदललं नाही, सगळं दिसतं. नकली दिवस आणि खरा दिवस सरळ वेगळे निघतात. नव्या कंटेनरला दर वेळी नवं सॉल्ट (पासवर्डात मिसळलेले यादृच्छिक बाइट) आणि नवी मूळ किल्ली मिळते, म्हणून कालच्याशी तुलनाच होत नाही.

शिवाय व्हेराक्रिप्ट मुळात फाइलची बदललेली वेळ जशीच्या तशी ठेवतं. त्यामुळे सिंक करणाऱ्या कित्येक प्रोग्रामना बदल झाल्याचं कळतच नाही आणि जुनीच प्रत फिरत राहते.

सिव्हिललाइन्स_डेस्क

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. तीन शंका. लाइन गेली किंवा थैली बनवणारा सुट्टीवर असला तर? अगदी तातडीचं काही सात वाजता आलं आणि थैली ७.३० ला भरून गेल्यावर आणखी आलं तर? आणि पासवर्ड देवनागरीत ठेवला तर चालेल का? काटोलच्या सहकाऱ्यांना तेच सोपं जातं.

फुटाळा_काठ

लाइन गेली तर ती थैली बुडाली. उशिरा पाठवू नका, पुढच्या वेळेला पाठवा. उशिरा गेलेली थैली म्हणजे ‘आत खरं काहीतरी होतं’ असं ओरडून सांगणं. सुट्टीसाठी दोघांना शिकवून ठेवा. रविवारी बंद तर कायम रविवारी बंद. ७.३० नंतरचं तातडीचं सिग्नलवर जाऊ द्या, तिथे तुमची रोजची ये-जा आहेच. थैलीचं वेळापत्रक एकदा जरी खऱ्या गरजेसाठी मोडलं तरी बघणाऱ्याला हवा तो दिवस मिळतो.

पासवर्ड देवनागरीत अजिबात नको. डोळ्याला सारखं दिसणारं अक्षर यंत्रात दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं. ‘ॲ’ एकसंधही असतो आणि अ वर चंद्र जोडूनही. ‘दऱ्या’मधला अर्धा र एका कीबोर्डवर एका पद्धतीने येतो, दुसऱ्यावर मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घुसतं. तुम्ही अगदी बरोबर टाइप कराल आणि थैली उघडणार नाही. मराठी शब्दच वापरा, पण रोमन अक्षरांत, आणि स्पेलिंग कागदावर लिहून पक्कं करा.

शब्द मनाने निवडू नका. संत्री, पोळा, टेकडी हे सगळ्यांच्या मनात आधी येतात. चार फासे टाकले की १,२९६ शक्यता होतात. तेवढ्या मराठी शब्दांची क्रमांक दिलेली यादी करा आणि सात वेळा फासे टाका. एका शब्दाला साधारण १०.३ बिट, सातांना ७२ (एक बिट वाढला की अंदाजाने फोडायला लागणारे प्रयत्न दुप्पट). पाच फाशांची ७,७७६ शब्दांची तयार इंग्रजी यादी वापरली तर सहा शब्दांत ७७ बिट मिळतात. एवढं मजबूत हवंच, कारण तीन जणांच्या पेट्यांमध्ये थैल्या साठत राहणार आणि चोरणाऱ्याकडे प्रयत्न करायला वेळच वेळ असेल. पासवर्ड भेटीत द्या, मेलवर नाही.

आणखी एक अडचण लक्षात ठेवा: व्हेराक्रिप्टचं अधिकृत अँड्रॉइड ॲप नाही. तिघांकडेही संगणक लागेल.

सावजी_नेटवर्क

राजेहो, थैल्या वगैरे सगळं छान आहे, पण गळती कुठून होऊन राहिली तेही पाहा. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा. लोक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर शपथपत्राची पीडीएफ टाकतात, तो वेबवर उघडतो, छापतो. फाइल त्याच्या डाउनलोड्समध्ये महिनोनमहिने पडून. दुकानातलं कोणतंही पोरगं ती उघडू शकतं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचं (फक्त दोन टोकांनाच उघडणारं कुलूप) दुसरं टोक तेच दुकान झालं, बाप्पा. कार्यालयात साधा लेझर प्रिंटर घ्या आणि पक्षकारांनाही सांगा की छपाई इथेच होईल.

त्यानंतर बॅकअप. व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून एंड-टू-एंड कूटबद्ध आहे, पण गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला ते कुलूप तुम्ही स्वतः लावावं लागतं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड द्या किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. किल्ली हरवली तर बॅकअप गेला, कोणीच उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि ही सोय दोन्ही टोकांना हवी. तुमचा बॅकअप बंदिस्त आणि पक्षकाराचा उघडा असेल तर तोच संवाद त्याच्या बाजूने मिळतो. कौटुंबिक खटल्यांत तर हे फार महत्त्वाचं, कारण नवऱ्याला बायकोच्या गूगल खात्याचा पासवर्ड बहुतेक वेळा माहीत असतो. अशा पक्षकाराशी पहिल्या भेटीतच गूगल खात्याचा पासवर्ड बदलून घ्या आणि व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी तिच्यासमोर उघडून अनोळखी संगणक काढून टाका. मात्र आधी तिला विचारा, की अचानक पासवर्ड बदलल्याचं घरात कळलं तर तिला धोका आहे का. असेल तर जुन्या खात्याला हात लावू नका. माहेरच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर वेगळं खातं उघडा.

व्हॉट्सॲपमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. ती चालू असली की आलेला प्रत्येक फोटो गॅलरीत उतरतो आणि तिथून गूगल फोटोजवर चढतो. लॉक असलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणंही बंद करा.

कीबोर्डकडे कोणी पाहतच नाही. रोमन टाइप केलं की मराठी उमटवणारे कितीतरी फुकट कीबोर्ड आहेत, आणि काही कीबोर्ड टाइप केलेलं सर्व्हरकडे पाठवतात. बोलून टायपिंगही अनेक फोनवर सर्व्हरमार्फतच होतं. सिग्नलमध्ये ‘इन्कॉग्निटो कीबोर्ड’ आहे, पण ती कीबोर्डला केलेली नुसती विनंती, तो पाळेलच असं नाही. कामाच्या फोनवर ज्याला इंटरनेटची परवानगी लागत नाही असा कीबोर्ड ठेवा.

टेलिग्रामवर असाल तर एवढंच: तिथले साधे चॅट एंड-टू-एंड नाहीत, फक्त ‘सीक्रेट चॅट’ आहेत, आणि ग्रुपला ती सोयच नाही.

धंतोली_खंडपीठ

कायद्याचं थोडक्यात. एन्क्रिप्शन वापरायला भारतात मनाई नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. वकील-पक्षकार संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे, मात्र बेकायदा हेतूसाठी केलेला संवाद त्यातून वगळला आहे. दुसऱ्या बाजूला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत आदेश आला तर उकल करायला मदत करावी लागते. नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. असा आदेश आला तर आधी ज्येष्ठ वकिलाला दाखवा, स्वतःच्या मनाने हो किंवा नाही करू नका.

आपोआप पुसले जाणारे संदेश जपून. ‘पोहोचलो’ वगैरे आठवड्याने जाऊ द्या. पण जो दस्त पुरावा म्हणून लागू शकतो तो मुद्दाम नष्ट करणं गुन्हा आहे. सूचनापत्रं, संमती, फीबद्दलचं बोलणं हे फाइलला लावून ठेवायचं, कूटबद्ध डिस्कवर.

व्हीपीएन घेणार असाल तर सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश माहीत असू द्या. त्यांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे कित्येक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. केबलवाल्यापासून लपायला व्हीपीएन चालेल, पण मग तेच सगळं व्हीपीएनवाल्याला दिसणार.

सिव्हिललाइन्स_डेस्क

सोमवारपासून थैली सुरू करतो. रामटेकच्या सहकाऱ्यांनी नुकताच फोन बदलला आणि सिग्नलने ‘सुरक्षा क्रमांक बदलला’ अशी सूचना दिली. याकडे दुर्लक्ष केलं तर चालतं का?

झिरोमाईल

दुर्लक्ष करू नका. फोन बदलला की किल्ली बदलते आणि तिच्यावरून बनलेला हा क्रमांकही, म्हणून सूचना येणं स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या कोणी त्यांच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून सिग्नल नोंदवलं तरी अगदी हीच सूचना येते.

पडताळणी होईपर्यंत त्या चॅटवर काही पाठवू नका. ते पुढच्या तारखेला खंडपीठात येतील तेव्हा दोघांचे फोन समोर धरून क्यूआर स्कॅन करा, दहा सेकंदांचं काम. तोवर थांबता येत नसेल तर ओळखीच्या आवाजात फोनवर क्रमांक वाचून घ्या: ६० अंक, पाच-पाचचे बारा गट. बाराही गट जुळवायचे, पहिले दोन जुळले म्हणून सोडून द्यायचं नाही. पहिले सहा त्यांनी वाचावेत, पुढचे सहा तुम्ही. जुळले की ‘व्हेरिफाइड’ची खूण करा. त्यांच्या फोनवर ‘रजिस्ट्रेशन लॉक’ही लगेच चालू करून घ्या, म्हणजे नुसतं सिम हाती लागून कोणाला तो नंबर नोंदवता येणार नाही. उमरेड आणि काटोललाही हेच करून घ्या, फोन बदलायची वाट न पाहता.